लाल बोळे आणि हिरवा चुडा

शिवणयंत्र देऊन टाकायचं ठरलं तेव्हा सुनेनं त्याचे खण उपसून जमिनीवर ओतले. बॉबिनी, झिजलेले खडू, गंजलेल्या टाचण्या, कुणाच्या तरी पोलक्याची हुकं. आणि सगळ्यात खाली एक लाल रेक्झिनचा बोळा, नारळाच्या अर्ध्या वाटीएवढा, एका अंगाला पांढऱ्या दोऱ्यानं काढलेला दोनचा आकडा. सून म्हणाली, हे काय अत्ते, बाळाची उशी? मी म्हटलं, विमानाची. ती हसली. आमच्या घरात मी खरं बोलले की लोक हसतात, त्याची मला सवय आहे.

बोळा नाकाशी धरला. आतला स्पंज कधीच पिठासारखा झालाय, दाबला की तसाच चेपलेला राहतो. पण शिवणीच्या फटीत अजून तो वास आहे. विमानाच्या पेट्रोलचा, जरा गोडसर, आणि त्यामागून जळक्या तेलाचा. की तो वास माझ्या नाकातच राहिलाय, कोण जाणे.

करमाळ्याहून मी मैसूरला आले तेव्हा सातवी झाली होती आणि आठवीची पुस्तकं घेतलेली नव्हती. का, ते राहू दे. मावशीनं ठेवून घेतलं. तिच्या सासरचे लोक चार पिढ्यांपासून मैसूरचे, शिंपीकाम करणारे. घरात मराठीच बोलायचे, पण ती मराठी माझी नव्हती. पहिल्या संध्याकाळी मावशी म्हणाली, "बागलू ओढ गं, सोळ्ळे येतात." काय ओढायचं आणि काय येतंय ते न कळून मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले. दार आणि डास. हे दोन शब्द कळेपर्यंत डास आत आले होते, आणि सगळे हसले होते. त्या दिवसापासून मला एक खोड लागली. आपल्याला काहीतरी कळलेलं नाही आणि ते आता सगळ्यांना दिसणार, असं सारखं वाटायचं. दुसरीही एक खोड त्याच घरात लागली, उपकार मानायची. ताटात भात पडला की उपकार, सणाला परकर मिळाला की उपकार. मावशी वाईट नव्हती. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. न बोलता दाखवायचे पुष्कळ मार्ग असतात, एवढंच.

काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, दुकान मार्केटमागच्या गल्लीत. शाळेचे गणवेश, देवळांच्या छत्र्या, मांडवाचे पडदे. नंजनगूड रस्त्यावरच्या मैदानात तेव्हा एक फ्लाइंग क्लब होता, दोन छोटी विमानं असलेला. त्यांच्या पंखांच्या ताडपत्र्या शिवायचं काम काकांकडे आलं. काकांचे गुडघे दुखत, म्हणून मापं घ्यायला टेप घेऊन मी गेले. अठरा वर्षांची होते.

तिथं पुट्टस्वामी भेटले. क्लबचे मेकॅनिक. चाळिशीचे, बुटके, कानावर केस, शर्टाच्या खिशात नेहमी एक दाताचा ब्रश. तो दातांसाठी नव्हता, नट साफ करायला होता. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते मला तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. ते कन्नडात बोलत. इथं त्यांचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहितेय. तेवढं माझं चुकत असेल तर चुकू दे.

विमानाच्या नाकाला, पंख्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तोंड असतं. उडताना तिथून वारा आत जातो आणि इंजिन गार राहतं. विमान उभं असलं की त्याच तोंडातून पक्षी आत जातात. चिमण्या जातात, पण खरा उच्छाद साळुंक्यांचा. हँगरचं दार धड लागत नव्हतं, एक विमान तर कायम बाहेरच. अण्णा म्हणायचे, साळुंकीच्या लेखी हे एक पोकळ झाड आहे, सरकारनं तिच्यासाठी लावलेलं. तुम्ही जेवून हात धुवून येईपर्यंत तिनं आत ओंजळभर काड्या नेलेल्या असत. त्या काड्या इंजिनाच्या मागच्या अंगाला, तापणाऱ्या भागावर. पुढं काय होणार ते सांगायला नको.

जुन्या चिंध्या कोंबून ते भागवत होते. मी तोंडाची मापं घेतली. गोल नव्हतं ते, एका बाजूला निमुळतं, डोळ्यासारखं होतं. घरी येऊन मी लाल रेक्झिनचे बोळे शिवले, आत स्पंज, आणि दोन बोळ्यांना जोडणारा एक लांब दोर. दोर पंख्याच्या पुढून घ्यायचा. म्हणजे कुणी विसरून इंजिन चालू केलंच, तर पंखाच बोळे ओढून बाहेर फेकून देईल. ही दोराची कल्पना अण्णांची. पंखाखालच्या बोटभर नळीत मातीचं घर करणारी माशी शिरते, तिच्यासाठी एक लांबुडकी टोपी. शेपटीच्या फटीला जाळीची पट्टी. प्रत्येकाला आकडा, प्रत्येकाला लाल फीत. हँगरमध्ये एक फळी होती, तिच्यावर अण्णांनी प्रत्येक बोळ्याचा आकार रंगवला होता. विमान उडायचं तेव्हा फळी भरलेली पाहिजे. फळीवर एक जागा मोकळी दिसली तर उडायचं नाही.

बोळे इतके नीट बसले की अण्णांनी क्लबला सांगून मला ठेवून घेतलं. शिवणकाम, आणि सकाळ-संध्याकाळ बोळे काढणं-घालणं. आणखी एक उपकार. चार वर्षं.

सकाळी साडेसहाची बस. चामुंडी बेट्टावर, त्या टेकडीवर, धुकं अडकलेलं, गवत ओलं, टिटव्या ओरडत पायातून उठायच्या. ताडपत्री ओढली की रात्रभर आत कोंडलेला वास एकदम अंगावर यायचा. मग विमानाभोवती फिरायचं. डाव्या दारापासून मागं शेपटीकडे, तिकडून उजवा पंख, नाक, डावा पंख. टाकीच्या बुडातून काचेच्या भांड्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं; खाली पाण्याचा थेंब आहे का. पंखांची हलती कडा वरखाली. चाकं. पंख्याच्या पात्यावरून बोट. मी घरी हे सांगितलं तर मावशी म्हणाली, म्हणजे उलटी प्रदक्षिणा की गं, बरं नव्हे ते. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, देवाला उडायचं नसतं, तंगी.

दाराच्या आतल्या बाजूला तपासणीची यादी चिकटवलेली होती, इंग्रजीत. त्या यादीवर अण्णांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. लोकांना शाळेत कुत्रं-मांजर शिकवतात; मला पहिला शब्द आला तो तेलाचा, दुसरा पेट्रोलचा. आज मी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचते, बँकेचा फॉर्म भरते, ते त्या दारामुळे. हे विसरायची माझी तयारी नाही, कितीही कडू झालं तरी.

सगळ्यात शेवटी तोंडं. बोळा काढला की नुसतं बघून चालायचं नाही. कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मागची बाजू बोटांनी चाचपायची आणि मोठ्यानं म्हणायचं, खाली. माझ्या गावी म्हणतात रिकामं, पण मैसूरला मराठीतही खाली आणि कन्नडातही खाली. मी म्हणायचे आणि अण्णा जिथं असतील तिथून वहीत खूण करून सही करायचे. कैयिट्टु नोडु, म्हणायचे, हात घालून बघ. डोळ्याला जे बघायचं असतं तेच तो बघतो.

म्हणून मैदानात बांगड्या नाहीत. काच फुटून इंजिनात पडली तर काड्यांपेक्षा वाईट. चार वर्षं माझे हात भुंडे होते, आणि चार वर्षं मावशी त्यावरून बोलत होती.

मग माझं लग्न ठरलं. मावशीच्या नात्यातलेच, शिंपीच, काहीही न मागता करून घेणारे. आई गावाहून दोन गाड्या बदलून आली. स्टीलच्या डब्यात जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं चुडा आणला होता, करमाळ्याच्या कासाराकडचा. डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा. हिरवा रंग असा की आत पाणी भरलंय वाटावं. लग्न लागलं, चौथ्या दिवशी ती परत गेली. स्टेशनवर माझे हात धरून म्हणाली, सव्वा महिना एकही पिचू देऊ नको. इतक्या लांबून मी तुला दुसरं काय देणार.

नऊ दिवसांनी मी कामावर गेले. अण्णांनी हात बघितले, हसले नाहीत. म्हणाले, "हे काढ. नाही तर हात घालायच्या वेळी मला हाक मार, मी घालतो. तू घालू नको." बरं म्हटलं.

त्या नऊ दिवसांत बाहेरचं विमान उडालंच नव्हतं. टायर गेला होता, नवा बेंगळूरहून यायचा होता. तो त्या सकाळी आला. अण्णा विमानाच्या पोटाखाली आडवे, चाक बसवत होते. शिकवणारे कॅप्टन घड्याळ बघत होते, शिकणारा तरुण हेल्मेटसारखे हेडफोन मांडीवर घेऊन बसला होता. मी बोळे काढले. दोन नंबरचा जरा ढिला होता; उन्हानं स्पंज मेला होता, दोनदा मागून नवा मिळाला नव्हता. कडेला तीन बोटं जातील एवढी फट.

अण्णांना हाक मारायची होती. ते माझ्यापासून दोन हातांवर होते, पाय दिसत होते त्यांचे. चाकाशी झगडत होते, दातांतून सुस्कारे सोडत होते. मी मनात म्हटलं, आता एवढ्यासाठी त्यांना उठवायचं? आपल्यासाठी कुणी काही करतंय असं दिसलं की माझा जीव गोळा व्हायचा. मी बॅटरी घेतली, तोंडातून आत उजेड टाकला. नळ्या, पत्रा, तारा. हात घालायला उचलला आणि पहिलीच बांगडी पत्र्याच्या कडेपाशी आली. तिथूनच मागं घेतला.

म्हटलं, खाली.

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. फळी भरली. विमान गेलं.

दहा मिनिटांत परत आलं. नाकातून बारीक पांढरा धूर, आणि वाऱ्याबरोबर एक वास. आमच्या गावी पाचट जाळतात तसा. दोघं उडी मारून उतरले. त्यांना काही झालं नाही. कॅप्टनना खोकला आला, तेवढंच. फवारा मारून आग विझवली. मग वरचं झाकण उघडलं. मागच्या कोपऱ्यात, जिथं बॅटरीचा उजेड वळत नव्हता तिथं, घमेलंभर काड्या. जळलेल्या. त्यांत गजऱ्याचा दोरा, चॉकलेटचा चमकता कागद, आणि माझ्याच रेक्झिनची लाल कातरणं. मधोमध दोन अंडी. साळुंकीची अंडी आकाशी असतात. एक तडकून शिजलं होतं. दुसरं तसंच होतं, निळं, कुणीतरी आत्ताच ठेवल्यासारखं.

विमानाच्या एका बाजूचा रंग फुगून सोलला, तारा जळाल्या. दोनांपैकी एक विमान गेलं म्हणजे अर्धा क्लब गेला. बेंगळूरहून दोन साहेब आले. हँगरमध्ये टेबल टाकून बसले. मी फळीजवळ उभी होते, बोळ्यांच्या फिती सरळ करत. बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले. साहेबांनी अण्णांना विचारलं, तपासणी कोणी केली.

"मी."

"हात घालून?"

"हात घालून. हाताला काही लागलं नाही."

मी तोंड उघडलं असतं तर चार पावलांवर टेबल होतं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका साहेबांनी एवढंच म्हटलं, त्या पोरीला चहा आणायला सांगा. मी चहा आणला.

संध्याकाळी मावशीकडे जाऊन तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "विचारलं का तुला कुणी? नाही ना? मग सुम्ने बस. लग्नाला महिना नाही झाला. सासरी काय सांगशील?" सुम्ने म्हणजे गप. हा शब्द मला आल्या आल्या कळला होता, तो कुणाला समजावून द्यावा लागला नाही.

अण्णांचा परवाना काढून घेतला, क्लबनं काढून टाकलं. ज्या दिवशी गेले त्या दिवशी पान्यांची कापडी गुंडाळी, मीच शिवलेली, त्यांनी टेबलावर ठेवली, कारण ती क्लबची. फक्त जेवणाचा डबा सायकलला लावला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, बोळे मोजून ठेव. एवढंच. मी मान हलवली.

सव्वा महिन्यानं कासार आला. तेल लावून एकेक बांगडी उतरवली. एकवीसच्या एकवीस, एकीलाही चीर नाही. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं. नशीबवान पोर, म्हणाल्या सगळ्या.

मी दोर कापला आणि दोन नंबरचा बोळा घरी आणला. पुढं क्लबही राहिला नाही. मैदान राहिलं, मोठं झालं, आता तिथं खरी विमानं येतात. त्या रस्त्यावरची कुठलीही बस कुंपणाजवळून जाते, म्हणून मी नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसत आले. मुलांच्या बुटांत, मिक्सरच्या भांड्यात, पत्रपेटीत हात घालून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलं त्याला अम्माची तपासणी म्हणतात. दर सोमवारी नंजुंडेश्वराच्या, म्हणजे नंजनगूडच्या देवाच्या, तसबिरीपुढं एक वात जास्तीची लावते. ती कुणाची, ते आमच्या ह्यांनी कधी विचारलं नाही. मनात मी एकच वाक्य तीस वर्षं घोकलं: त्या माणसानं मला वाचवलं. संसार झाला, दोन मुलं झाली, हे सगळं त्या एका शब्दाच्या आडोशाला. मी. त्यांनी मी म्हटलं म्हणून.

अण्णा नंजनगूडलाच होते. पाण्याचे पंप दुरुस्त करत, हे मला ठाऊक होतं. बसनं पाऊण तास. तीस वर्षांत मी तो पाऊण तास काढला नाही.

परवा बोळा पिशवीत घातला आणि गेले.

देवळामागची गल्ली, पंपवाले पुट्टस्वामी म्हटल्यावर कुणीही घर दाखवलं. त्यांच्या बायकोनं, जयम्मांनी, दार उघडलं. अण्णा पडवीत खाटेवर. डोळे गेलेत, बुबुळांवर दुधासारखं आलंय. मी नाव सांगायच्या आधी बोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवला, शिवणीवरून अंगठा नेला, आकड्यावर थांबले.

"तंगी," म्हणाले. "शिवण टिकलीय. स्पंज मेलाय."

कॉफी आली. जयम्मांनी कुणाची किती मुलं ते विचारून घेतलं. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. अण्णा, त्या सकाळी मी हात घातला नव्हता.

"ठाऊक आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चुडा काढलेला नव्हतास. हात आत गेला असता तर पत्र्यावर वाजला असता. मी खालीच होतो, कान पत्र्याला लागलेला. वाजला नाही." बोळा दाबत होते, सोडत होते. "कंबर मोडली होती. कॅप्टन घाई करत होते. म्हटलं, असेल खाली. केली सही."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझं कशाला? सही माझी."

"मला वाचवायचं म्हणून नाही?"

ते हसले. त्यात वाकडेपणा नव्हता, तेच जास्त लागलं. "त्या दिवशी तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतीस, तंगी."

पडवीत कॉफीचा वास होता, बाहेर कुणीतरी केळीच्या पानांची गाडी ढकलत होतं. माझ्या तीस वर्षांच्या वाती एकदम कुणाच्या तरी दुसऱ्याच देवापुढं लावल्यासारख्या झाल्या. मी त्यांच्या उपकाराखाली वाकून चालले होते, आणि त्यांनी उपकार केलाच नव्हता. ते आपलं ओझं आपण वाहत होते, आणि मी आले असते, एकदा जरी, तर दोघांनी मिळून वाहिलं असतं. रागही आला. चूक त्यांची म्हणावी, तर शब्द माझा. शब्द माझा म्हणावा, तर त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केलेला. माझ्या हातचा गुन्हासुद्धा पुरता माझा नव्हता. त्यांच्या हिशेबी मी तिथं नव्हतेच. त्या साहेबांच्या हिशेबीही नव्हते.

जयम्मा कप उचलायला आल्या. बोळा बघून म्हणाल्या, हा बरा आहे, न्हाणीघरातल्या झरोक्याला घाला की, पक्षी नुसता गोंधळ घालतात, भिंत घाण करतात. मी उठले. कुणी काम सांगितलं की मला बसवत नाही. झरोका डोक्याच्या वर होता, वीतभर रुंद. स्टुलावर चढले, बोळा उचलला.

पडवीतून अण्णांचा आवाज आला. "आधी हात घाल."

माझ्या हातात आता दोन सोन्याच्या आणि चार काचेच्या असतात. न काढताच घातला. सिमेंटच्या कडेवर त्या खणखणीत वाजल्या, एक पिचली, तुकडा मनगटात रुतला. कोपरापर्यंत गेले. आत काड्या होत्या. काड्यांच्या मधे बोटांना काहीतरी लागलं, गुळगुळीत, कोमट. एक. पलीकडे दुसरं.

पडवीत तो म्हातारा कान लावून बसला होता.

"खाली नाही, अण्णा," मी म्हटलं.

"मग बोळा घालू नको," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी मैदानाच्या बाजूला बसले. कुंपणापलीकडे लांब, एकटंच एक छोटं विमान उभं होतं. त्याच्या नाकाला काहीतरी लाल होतं, पण बस वेगात होती आणि माझी नजर आता तेवढी पोचत नाही. मनगटातली काच मी घरी येऊन काढली.